छाटणीचे दिवस मोजता, तसे गरोदरपणाचे दिवस मोजा

(आकाशवाणीच्या शेतकरी कार्यक्रमातील भाषण)



कृषी विस्तार अधिकारी बोलायला बसला म्हणजे छाटणी, खते, करपा-भुरी यांच्यावरच बोलणार, अशी आपली समजूत असते. आज विषय निराळा आहे. निराळा आहे, पण शेतीबाहेरचा नाही. पिंपळगाव बसवंत आणि आसपासच्या निफाड-दिंडोरी भागात द्राक्षबागेची नाजूक हातची कामे बहुतेक बायाच करतात. फेलफूट काढणे, विरळणी, डिपिंग, काढणीच्या वेळी खराब मणी काढणे, पेटी भरणे ही कामे त्यांचीच. टोमॅटोची तोडणी, कांद्याची लागण आणि खुरपणी हीसुद्धा त्यांचीच. या बायांमध्ये काहीजणी गरोदर असतात. त्यांची तपासणी वेळेवर होते का, आणि त्यांचे बाळंतपण दवाखान्यात होते का, याबद्दल आज बोलायचे आहे.

मी डॉक्टर नाही. कोणती गोळी घ्यायची ते सांगणे माझे काम नाही. ते दवाखान्यातले डॉक्टर आणि आरोग्यसेविका सांगतील. पण शासनाने दिलेली सोय शेतापर्यंत आणि घरापर्यंत का पोचत नाही, हे शोधणे विस्ताराच्या माणसाचे रोजचेच काम आहे. बियाणे चांगले असले तरी ते वेळेवर पेरले गेले नाही तर उपयोग काय? दवाखान्याचेही तसेच आहे.

सोय आहे, मग अडते कुठे?

आधी परिस्थिती पाहू. १९९२-९३ साली देशात पहिली राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तेव्हा महाराष्ट्रात निम्म्याहून कमी बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत शंभरातली सुमारे ९५ बाळंतपणे दवाखान्यात झाल्याची नोंद आहे. २०१८ ते २०२० या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ मातांचा मृत्यू झाला, तर महाराष्ट्रात ३३ मातांचा. ही प्रगती खरी आहे, आणि ती गावोगावच्या आरोग्यसेविकांनी आणि आशाताईंनी पायपीट करून घडवली आहे.

मग अडते कुठे? दोन ठिकाणी अडते.

पहिले म्हणजे, शंभरातल्या ज्या पाच राहिल्या, त्या बहुतेक गरिबाघरच्या, आदिवासी पाड्यावरच्या, कामासाठी गाव सोडून आलेल्या बाया असतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवण या भागांतून आपल्या बागांवर टोळ्या येतात. त्या मळ्यातल्या शेडमध्ये राहतात. त्यांचे नाव त्यांच्या गावच्या यादीत असते, आणि राहणे आपल्या शिवारात. तिथली सेविका म्हणते, बाई गावात नाही. इथल्या सेविकेला ती आल्याचे कोणी कळवत नाही. अशी बाई दोन्ही वह्यांतून सुटते.

दुसरे असे की, बाळंतपण दवाखान्यात झाले म्हणजे सगळे झाले, असे आपण धरून चालतो. कळा सुरू झाल्यावर गाडीत घालून नेले, एवढ्याने भागत नाही. त्याच पाहणीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरांतल्या ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आढळले. अंगात रक्त कमी असेल तर ते कळांच्या रात्री भरून येत नाही. त्याला आधी कित्येक महिने लागतात.

बागायतदाराला हे समजावून सांगायला नको. ऑक्टोबर छाटणीनंतर जे घड दिसतात, ते एप्रिल छाटणीनंतरच्या दोन महिन्यांत काडीच्या डोळ्यात तयार झालेले असतात. त्या वेळी दुर्लक्ष झाले तर ऑक्टोबरात कितीही खर्च करा, नसलेला घड येत नाही. गरोदरपणातही सुरुवातीचे महिने असेच महत्त्वाचे असतात.

तीन उशीर

मातांचे मृत्यू का होतात, याचा अभ्यास सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन बायांनी केला आणि १९९४ साली एक साधी गोष्ट मांडली. ती आज जगभर शिकवली जाते. बाई दगावते ती तीन उशिरांमुळे, असे त्या म्हणतात. पहिला उशीर, दवाखान्यात जायचे की नाही हे घरात ठरायला लागतो तो. दुसरा, दवाखान्यापर्यंत पोचायला लागतो तो. तिसरा, पोचल्यावर नेमका उपचार सुरू व्हायला लागतो तो.

तीनही उशीर आपल्या शिवारात आहेत. आता एकेक घेऊ, आणि तो कमी करण्यासाठी आपल्या हातात काय आहे ते पाहू.

पहिला उशीर : घरात आणि मळ्यात

कोणत्याही बागायतदाराला विचारा, "बाग कितव्या दिवसाची आहे?" तो लगेच सांगेल, "छाटणीपासून बेचाळिसावा दिवस." त्याच घरात विचारा, "सूनबाईंना कितवा महिना?" मग सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. कोणी म्हणते पाचवा, कोणी म्हणते सहावा.

म्हणून पहिला सल्ला, दिवस मोजा. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. तिच्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. ती बाळंतपणाची अंदाजे तारीख. त्याच्या दोन आठवडे अलीकडे-पलीकडे होऊ शकते.

एक उदाहरण घेऊ. शेवटची पाळी १० जूनला आली. नऊ महिने सात दिवस मिळवले की १७ मार्च येते. आता यात तपासण्या बसवू. गरोदरपणात निदान चार तपासण्या व्हायलाच हव्यात.

पहिली तपासणी बारा आठवड्यांच्या आत, म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत. छाटणी अजून लांब आहे.

दुसरी चौदा ते सव्वीस आठवड्यांच्या दरम्यान, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. यात छाटणी, फेलफूट, विरळणी, डिपिंग सगळे येते.

तिसरी अठ्ठावीस ते चौतीस आठवड्यांत, म्हणजे डिसेंबर अखेर ते फेब्रुवारीचा आरंभ. आगाप बागांची काढणी सुरू झालेली असते.

चौथी छत्तीस आठवड्यांनंतर, म्हणजे १७ फेब्रुवारीनंतर. ऐन काढणी.

पाहा, चारांपैकी तीन तपासण्या कामाच्या घाईत येतात. आपल्या भागात तपासणी चुकते याचे एक मोठे कारण हे आहे. बाईला कळत नाही म्हणून ती चुकते असे नाही. कामाच्या दिवसात सुट्टी मागायची तिची छाती होत नाही. मजुरी बुडते. शिवाय बागेचे काम पुष्कळदा उक्ते दिलेले असते. एकजण गेली की टोळीतल्या बाकीच्यांवर भार पडतो, मग तिलाच बोल लागतो.

हिशेब मात्र करून पाहा. चार तपासण्या म्हणजे नऊ महिन्यांत चार दिवस. मळेवाल्याने त्या चार दिवसांची हजेरी धरली तर त्याचे किती गेले? एका फवारणीच्या औषधाला जेवढे लागते तेवढेही जाणार नाही. काम उक्ते असेल तर ठरवतानाच मुकादमाशी बोलून घ्या की टोळीत गरोदर बाई असेल तर तिच्या तपासणीच्या दिवसाचे पैसे मळेवाला देईल, टोळीच्या हिशेबातून कापायचे नाहीत. आधी बोलले की भांडण होत नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय दवाखान्यांत गरोदर मातांची खास तपासणी असते. २०१६ सालापासून देशभर सुरू झालेले हे प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान. चौथ्या महिन्यापासून पुढच्या मातांना डॉक्टर त्या दिवशी मोफत तपासतात. म्हणून ९ तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी बागेवरच्या गरोदर बायांना कामावर धरायचे नाही, असा नियम सोसायटीने किंवा द्राक्ष उत्पादकांच्या गटाने गावापुरता केला तर तो पाळायला सगळ्यांनाच सोपा जाईल.

घरातल्या सासूबाईंनाही चार शब्द सांगायचे आहेत. मावशी, काकू, "आम्ही चार-चार पोरं घरात काढली, आम्हाला काय झालं?" असे आपण म्हणता. आपण वाचलात, देवाची कृपा. पण ज्या वाचल्या नाहीत, त्या आज आपल्या शेजारी बसून हे बोलायला नाहीत. त्यांचाही हिशेब धरायला हवा.

पहिले बाळंतपण माहेरी करायची आपली रीत चांगली आहे. पण माहेरी जाताना कार्ड इथेच राहते, आणि तिथल्या दवाखान्याला मागचे काहीच कळत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड पोरीबरोबर पाठवा, आणि माहेरी पोचल्याच्या आठवड्यात तिथल्या आशाताईला दाखवायला सांगा.

बाहेरून आलेल्या टोळीसाठी मळेवाल्याने एक काम करायचे. टोळी उतरली की दोन दिवसांत गावच्या आशाताईला फोन करून कळवायचे, "आमच्या शेडवर इतकी माणसं आली आहेत, त्यांत एक बाई गरोदर आहे, दोन लहान मुलं आहेत." एवढेच. पुढचे काम त्या करतील. अंगणवाडीत नाव गेले की आहारही मिळतो. बाई परगावची आहे म्हणून तिला तपासायचे नाही, असा कोणताही नियम नाही.

दुसरा उशीर : वाट आणि वाहन

दुसरा उशीर वाटेवरचा. पिंपळगाव मुंबई-आग्रा महामार्गावर आहे, नाशिक जवळ आहे. महामार्गापासून मळ्यापर्यंतची वाट मात्र पाणंदीची. रात्री दोन वाजता रुग्णवाहिका बोलावली तर चालकाला शेड सापडत नाही. गटनंबर सांगून त्याला काय कळणार?

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे. गरोदर माता आणि आजारी बाळ यांना नेण्या-आणण्यासाठी १०२ क्रमांक आहे. दोन्हीला पैसे पडत नाहीत. फोन करणाऱ्याने गाव, शिवार, जवळचे देऊळ, कालवा किंवा रोहित्र, आणि मुख्य रस्त्यावरून कुठे वळायचे ते सांगितले पाहिजे. कळा देणाऱ्या बाईजवळ बसलेल्या घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. म्हणून आजच एका पत्र्यावर किंवा पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत हे सगळे लिहून शेडच्या दाराशी टांगा. वाचता येणारा कोणीही ते फोनवर वाचून दाखवील. फोन केल्याबरोबर एका माणसाने बॅटरी घेऊन मुख्य रस्त्यावर उभे राहायचे. एवढ्यानेच पुष्कळ वेळ वाचतो.

रुग्णवाहिका यायला वेळ लागणार असेल तर काय? मग मळेवाल्याची पिकअप, जीप, जे असेल ते. मार्केटला टोमॅटोचे क्रेट न्यायला गाडी रात्री दोनला निघते, मग बाळंतिणीला न्यायलाही निघाली पाहिजे. कोणाची गाडी, चालक कोण, तो नसेल तर दुसरा कोण, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा. आपल्याकडे सातव्या महिन्यात डोहाळजेवण करतात. चार घरची माणसे जमलेलीच असतात. त्याच दिवशी दवाखाना कोणता, गाडी कोणाची, सोबत कोण जाणार, घरी लहान मुले कोण सांभाळणार, हे ठरवून टाका. ओटी भरायची आणि हेही ठरवायचे, दोन्ही एकाच बैठकीत होईल.

दुर्गम पाड्यांवरून येणाऱ्यांनी तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकाकडे येऊन राहावे. पावसाळ्यात तर हे फारच गरजेचे आहे.

तिसरा उशीर : दारात पोचल्यावर

दवाखान्यात पोचले, पण तिथे रक्त नाही, किंवा शस्त्रक्रियेची सोय नाही, म्हणून पुढे पाठवले. असे दोन-तीन ठिकाणी झाले की रात्र जाते. याला उपाय म्हणजे जोखमीची माता आधी ओळखणे. पहिले बाळंतपण शस्त्रक्रियेने झालेले, जुळे, रक्तदाब वाढलेला, रक्त फार कमी, मूल आडवे, वय अठराच्या आत किंवा पस्तिसाच्या पुढे, आधीचे मूल दगावलेले, अशा मातेला डॉक्टर कार्डावर तशी खूण करून देतात. तिने बाळंतपणासाठी कुठे जायचे हे डॉक्टरांकडून सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून घ्यावे. शस्त्रक्रिया आणि रक्त दोन्हींची सोय असलेल्या दवाखान्यातच तिचे नाव घालावे. नाशिकचे जिल्हा रुग्णालय त्यासाठी आहे. गरज पडली तर रक्त द्यायला तयार असलेल्या दोन धडधाकट माणसांची नावेही काढून ठेवावीत.

खर्चाच्या भीतीने पुष्कळजण दवाखाना लांबवतात. म्हणून काय मोफत आहे ते नीट ऐका. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय दवाखान्यात बाळंतपण, गरज पडल्यास शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त आणि राहण्याच्या दिवसांतला आहार हे सर्व मोफत आहे. घरून दवाखान्यात, एका दवाखान्यातून दुसऱ्यात, आणि परत घरी सोडणे हेही मोफत आहे.

याखेरीज काही रक्कम मातेच्या खात्यात जमा होते. जननी सुरक्षा योजना २००५ साली सुरू झाली. तिच्यात दारिद्र्यरेषेखालील आणि अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण मातेला दवाखान्यातील बाळंतपणासाठी ७०० रुपये आहेत. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. पहिला ३,००० रुपयांचा हप्ता गरोदरपणाची वेळेवर नोंद आणि तपासणी झाल्यावर, दुसरा २,००० रुपयांचा बाळाची जन्मनोंद आणि पहिल्या फेरीच्या लसी झाल्यावर. दुसरे अपत्य मुलगी असेल तर ६,००० रुपये आहेत. किसान सन्मान योजनेतील महिला शेतकरी, रोजगार हमीचे जॉबकार्ड किंवा ई-श्रम कार्ड असलेल्या बाया यात बसतात. म्हणजे ही योजना मजुरांसाठी आहे तशी अल्पभूधारक शेतकऱ्याच्या घरासाठीही आहे.

पैसे अडकतात ते बहुधा कागदांवर. खाते बाईच्या स्वतःच्या नावाचे आणि आधारला जोडलेले हवे. नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे खाते चालत नाही. लग्नानंतर आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव निराळे असेल तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच दुरुस्त करून घ्या.

पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मातेला अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण गरम जेवण मिळते. मजूर बाई घरी परतली की तिने तिथल्या अंगणवाडीत नाव घालावे.

बागेत गरोदर बाईने काय करू नये

हा भाग माझ्या खात्याचा, म्हणून ठासून सांगतो.

औषध कालवणे, फवारणे, फवारणीच्या वेळी नळी ओढणे ही कामे गरोदर बाईला देऊ नका. छाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी काडीला हायड्रोजन सायनामाईड लावतात, त्या कामापासून तिला पूर्ण लांब ठेवा. डिपिंगच्या द्रावणात हात घालायचे कामही नको. बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांत घडतात, आणि त्या वेळी बाई गरोदर आहे हे दुसऱ्या कोणाला माहीतही नसते. म्हणून ही कामे देण्याआधी टोळीतल्या वयस्कर बाईकडून चौकशी करून घ्या. फवारणीचे कपडे घरी गरोदर बाईने धुऊ नयेत. डब्यावरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असे मात्र समजू नका. औषधाचे रिकामे डबे पाण्यासाठी वापरू नका.

वीस किलोचे क्रेट उचलणे, स्टुलावर चढून हात वर करून तासन्‌तास काम करणे नको. त्याऐवजी बसून मणी निवडणे, पेटीत कागद घालणे अशी कामे द्या.

आणि एक गोष्ट, जिच्याविषयी कोणी बोलत नाही. बागेत आडोसा नसतो, म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्याने लघवीचे विकार होतात आणि गरोदरपणात ते धोक्याचे असतात. चार बांबू आणि गोणपाट लावून आडोसा करायला किती लागते? पिण्याच्या पाण्याचा माठ सावलीत ठेवा. दुपारी अर्धा तास पाठ टेकायला जागा द्या.

गावाने मनावर घेतले की

हे होते का? होते. महाराष्ट्रातच झाले आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे या पतिपत्नींनी १९७० साली जामखेडला काम सुरू केले. त्या वेळचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा, आणि तोही दुष्काळी टापू. त्यांनी गावोगाव शेतकऱ्यांची मंडळे उभी केली. पाणी आणि शेती यांबरोबर त्या मंडळांनी आरोग्याचे कामही अंगावर घेतले. गावातलीच एक बाई निवडायची, पुष्कळदा न शिकलेली, पुष्कळदा दलित घरातली, तिला शिकवायचे आणि गरोदर बायांची काळजी तिच्यावर सोपवायची, अशी ती पद्धत. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिच्याच सल्ल्याने गावातली बाळंतपणे होऊ लागली. या कामासाठी १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत असेच खेड्यातल्या बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवले. त्यांच्या १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. आज आशाताई बाळंतपणानंतर सहा वेळा घरी येऊन बाळ-बाळंतिणीला पाहतात, त्या पद्धतीचे मूळ तिथले आहे. म्हणून आशाताई दारात आली तर "आता वेळ नाही" म्हणून परत पाठवू नका.

या दोन्ही ठिकाणी मोठ्या इमारतीने काम केले नाही. गावातल्या माणसांनी आपलेच एक काम समजून ते केले.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

लोहाच्या गोळीने मूल मोठे होऊन अडते, असे म्हणतात. खरे का?
नाही. गोळीने मातेचे रक्त वाढते. शौचास काळे होते, मळमळते, पण त्यात घाबरण्यासारखे नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नये, लिंबू-पाण्याबरोबर घ्यावी. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नये. रोज एक याप्रमाणे निदान १८० दिवस गोळ्या घ्यायच्या असतात. मूल मोठे होऊ नये म्हणून बाईला कमी जेवायला देणे तर फारच चुकीचे आहे.

बाळंतपण सुखरूप झाले, मग लगेच घरी आणले तर?
निदान ४८ तास दवाखान्यात ठेवा. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव तासा-दोन तासांत धडधाकट बाई नेऊ शकतो. पहिले दोन दिवस सर्वांत जपायचे.

बाळाला पहिले दूध द्यावे का?
वासराला चीक पाजल्याशिवाय आपण राहत नाही. मग आपल्या बाळाचा चीक का फेकायचा? जन्मल्यापासून तासाभरात अंगावर घ्यावे. मध, साखरपाणी, गुटी काही नको.

लक्षात ठेवा आणि हा कागद भिंतीला लावा

पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.

१. अंगावरून रक्त जाणे, गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर.
२. डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर आणि हातांवर सूज.
३. झटके येणे.
४. जोराचा ताप, किंवा बाळंतपणानंतर घाण वासाचे पाणी जाणे.
५. पोटातल्या बाळाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे.
६. कळांआधीच पाणी जाणे, किंवा बारा तास कळा देऊनही बाळंतपण न होणे.
७. थोडे चालले तरी धाप लागणे, जीभ आणि नखे पांढरी पडणे.

बागायतदार बंधूंनो, या हंगामात छाटणीची तारीख फळीवर लिहाल, तेव्हा तिच्याखाली आणखी एक ओळ लिहा. बागेवर आणि घरात गरोदर कोण आहे, तिची तारीख कोणती, आणि येत्या ९ तारखेला तिला दवाखान्यात कोण नेणार. पुढच्या महिन्यात फळी पुसाल तेव्हा ती ओळ आधी वाचा, आणि ते काम झाले का, ते विचारा.